वाडीतून गेलेली हद्द

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, म्हणून बाबा माझ्या अभ्यासाचं कुठेही सांगत सुटतात. कामावरून, रुवैसहून, सुट्टीला शारजाला घरी आले की दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये त्यांच्या मालकांकडे एकदा आमचं जेवण असतंच. मालक कोकणातले, आमच्याच गावचे. वयाने लहान, तरी बाबा त्यांना 'दादा' म्हणतात आणि ते बाबांना 'अरे'.

त्या दिवशी बाबांनी सांगून टाकलं की पोरगी अमेरिकेतल्या एका कोर्ट केसवर प्रेझेंटेशन करतेय. दादांनी विचारलं, तेव्हा मी अडखळत सांगितलं, की तिथे मतदारसंघांच्या हद्दी अशा आखल्या की काळ्या लोकांची वस्ती तुकड्यांत वाटली गेली. त्यांचा माणूस कुठूनच निवडून येईना, म्हणून ते कोर्टात गेले.

"शी," दादा अगदी मनापासून म्हणाले. "किती नीच माणसं." आणि बाबांच्या ताटात आणखी मटण वाढलं.

मग त्याच आवाजात ते गावाकडे वळले. आमच्या ग्रामपंचायतीचे प्रभाग नव्याने पाडताना हद्द आमच्या बौद्धवाडीच्या मधोमध नेली होती. अर्धी घरं एका प्रभागात, अर्धी दुसऱ्यात, आणि वाडीची राखीव जागा गेली. त्याविरुद्ध गावी राहणारे माझे काका हायकोर्टात गेले होते. अर्जदारांत बाबाही होते. दादांचे थोरले भाऊ गावचे सरपंच.

"तुझं नाव तेवढं मागे घे," दादा म्हणाले. "इथे आपण एका टेबलावर जेवतो. जात येते का कुठे मध्ये? तुझा व्हिसाही रिन्यू करायचाय. तू नाव काढ, मी सही करतो. खलास."

धमकीपेक्षा ते 'एका टेबलावर' मला जास्त लागलं. त्या घरात जेवण झालं की बाबा आमची दोन्ही ताटं स्वतः घासून ठेवतात, गावातल्या सवयीने. आजवर कुणीही त्यांना 'अरे, राहू दे' म्हटलेलं नाही. घरच्यांची ताटं मात्र मोलकरणीसाठी टेबलावरच राहतात.

बाबा खाली मान घालून भात कालवत राहिले. मला वाटलं, आता 'हो' म्हणतील.

"दादा, व्हिसाचं तुम्ही बघा," ते म्हणाले. "नाव राहील."

दादा फोन हातात घेऊन तो बघत बसले. आम्ही निघालो तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही.

लिफ्टमध्ये बाबांनी मला विचारलं, व्हिसा संपल्यावर इथे किती दिवस राहता येतं. मला ते ठाऊक नव्हतं.