ताटातली कात्री

आमच्या गावच्या नगरपालिकेनं यंदा सभागृहाच्या भिंतीवर जुन्या नगराध्यक्षांचे फोटो लावायचं ठरवलं. त्यातली एक मी. जागा महिलांसाठी राखीव पडली आणि घरच्यांनी मला उभं केलं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण निवडून आल्यावर खुर्चीत मी बसत होते. पाणी आलं नाही की बायकांच्या शिव्या मी खात होते, आणि सभेत आवाज चढवायची वेळ आली की तोही मीच चढवत होते.

फोटो लागायच्या आधी एकदा बघून जा, असा निरोप आला, म्हणून मी आणि आमचे हे गेलो. ह्यांचे गुडघे दुखतात. जिना चढताना अख्ख्या पालिकेला ऐकू जाईल असं कण्हत होते.

माझा फोटो पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाचा निघाला. त्यासाठी सांगलीहून मुद्दाम फोटोवाला बोलावला होता. मधोमध हे, फेटा बांधलेले, फीत कापतायत. शेजारी मी, काठापदराच्या साडीत, हातात पूजेचं ताट. खाली लिहिलं होतं, 'नगराध्यक्ष उद्घाटन करताना, सोबत त्यांच्या सौभाग्यवती.'

माझं डोकंच फिरलं. "कुणी लिहिलं हे?"

पालिकेत नुकतीच नोकरीला लागलेली एक पोरगी पुढं आली. "मीच, काकू. फोटो बघून लिहिलं." आता बिचारीचं तरी काय चुकलं? आमच्याकडं कार्यक्रम कुठलाही असो, ताट आलं की ते जवळच्या बाईच्या हातात जातं. त्या दिवशी जवळची बाई मी होते. नगराध्यक्षही मीच होते, हे ताट देणाऱ्याच्या ध्यानातही आलं नसेल.

पण उद्या मी नसेन. नातवंडं या भिंतीपुढं उभी राहतील आणि आपली आजी तिथं ताट धरायला गेली होती, असं समजतील.

पोरगी म्हणाली, "काकू, काकांना कापून टाकू का? कॉम्प्युटरवर लगेच होतंय."

हे खो खो हसले. "काप गं बाई, बिनधास्त काप."

तिनं कापलं. ह्यांचा फेटा गेला, मिशा गेल्या, पण हात काही जाईना. तो माझ्या ताटावरून आडवा थेट फितीपर्यंत गेलेला. मी, ताट, आणि कात्री धरलेला कुणाचा तरी नुसता हात. शोभाच झाली सगळी! "राहू दे गं," मी म्हणाले. "फोटो आहे तसा लाव. खालचं तेवढं नीट लिही."

जिना उतरताना हे म्हणाले, "एवढं मनात हुतं तर तवाच मागायचीस की. मी काय कात्री दिली नसती व्हय?"

मी पायरीवरच थांबले. "आवं, मागायची कशाला? कात्री माझ्याच हातातल्या ताटात हुती. तुमी उचललीत."

हे कठडा धरून उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण बोललेलं मागं घ्यावंसं वाटलं नाही. त्या टाकीसाठी मी चपला झिजवल्या होत्या, आणि ती फीत मला कापायची होती. लय कापायची होती.