उप्सालात काय बघायचं

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे स्वीडनमधल्या उप्साला नावाच्या जुन्या विद्यापीठाच्या गावात एक सेमिस्टर शिकायला मिळतंय, हे घरी समजावून सांगायलाच मला आठवडा लागला. "शिकायला मिळावं म्हणूनच कॅनडाला आलो ना आपण? मग अजून पुढे कुठे?" असं आईने विचारलं होतं. तरी आईबाबांनी पाठवलं.

परत येऊन दीड वर्ष झालं. ब्रॅम्पटनच्या बसमध्ये बसले की अजूनही ती गावाच्या मधोमध वाहणारी नदी आठवते, आणि काठाने सायकलवरून वर्गाला जाणारी मी. असं आयुष्य आपल्यालाही मिळू शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा वाटलं. ते कुणाला कसं सांगायचं, कळत नाही.

म्हणून यंदा आईबाबा साताऱ्याला जायला निघाले तेव्हा तिकिटं मीच शोधली. स्टॉकहोमला विमान बदलायचं, मध्ये नऊ तास. विमानतळावरून उप्साला ट्रेनने वीसेक मिनिटं. माझं गाव त्यांनी एकदा बघावं, एवढंच मला हवं होतं.

मी मराठीत दोन पानं लिहून दिली. स्टेशनातून सरळ नदीकडे चला. पुलावर थांबा. पलीकडे दोन उंच मनोरे दिसतील, ते कॅथेड्रल, आत शांत बसता येतं. मग टेकडीवरचा गुलाबी किल्ला, त्याखाली बाग. दमलात तर कॉफी आणि वेलदोड्याचा बन घ्या, आईला आवडेल.

बाबा वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात. ती पानं त्यांनी कामावरच्या सूचनांसारखी बोट ठेवून वाचली.

"किल्ला अजिंक्यताऱ्याएवढा आहे का?"

"नाही हो बाबा, लहानसं टेकाड आहे."

"मग त्याला किल्ला कशाला म्हणायचं?"

"तिथे कुणाला विचारू नका हं हे," आई म्हणाली.

निघायच्या दहा दिवस आधी बाबांनी सहज विचारलं, "बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारतात का?" आणि मी लगेच व्हिसाचे नियम उघडून बघितले. अठराची झाल्यावर मी कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. त्या दोघांचे पासपोर्ट अजून भारताचेच. विमानतळाबाहेर पाऊल टाकायलाही त्यांना व्हिसा लागणार होता, आणि अपॉइंटमेंट मिळत होती ती दीड महिन्यानंतरची.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"अगं, तू काय ट्रॅव्हल एजंट आहेस का," बाबा म्हणाले. हातातल्या बॅगेत ठेवलेले चालायचे बूट काढून आईने परत रॅकवर ठेवले.

ते स्टॉकहोमला उतरले त्या दिवशी इथे सकाळचे आठ वाजले होते. बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मागे मोठी काच, काचेपलीकडे पांढऱ्या खोडांची झाडं.

"तुझं गाव कुठल्या बाजूला?"

"उत्तरेला."

"उत्तर कुठे?" त्यांनी फोनमधला कंपास उघडला आणि दोघं उठून दुसऱ्या काचेपाशी गेले.

"इथून नुसती विमानंच दिसतात गं," आई म्हणाली.

मी दोन्ही पानं वाचून दाखवायला लागले. पुलापर्यंत आले तेवढ्यात आईने थांबवलं. "ते चर्च नि किल्ला राहू दे. तू कुठे राहायचीस?"

ते मी लिहिलंच नव्हतं. गावाच्या कडेची साधी इमारत, तिथे बघण्यासारखं काय आहे?

"आम्ही तेच बघायला येणार होतो," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. चौथा मजला, लांब कॉरिडॉर, बारा जणांत एक स्वयंपाकघर. त्यातलं एक कपाट माझं. खिडकीतून पार्किंग आणि त्यामागे जंगल. पहिले दोन महिने मी त्या खिडकीपाशी उभी राहूनच जेवायचे, कारण कुणाच्या शेजारी बसायचं ते समजायचं नाही. हे मी तेव्हा घरी कधीच बोलले नव्हते.

मग बाबांनी विचारलं, "आणि बसलीस कधी?"

"मार्चमध्ये," मी म्हणाले. "एका मुलीने न विचारताच खुर्ची ओढली माझ्यासाठी." आणि मला तिथे इतकं जावंसं वाटलं, की पुढचं सांगायला जरा वेळ लागला. ते काचेपाशी उभे राहून थांबले.