चोर्तेनच्या पोटातली चांदी

...नाही गं ल्हादेन, तेव्हा नोटा कुठल्या? नोटा फार मागाहून आल्या. तू लिही, मी सांगते तसंच लिही. ग्येम बिधाची, तुझ्या पणजीची गोष्ट आहे ही. तिची लेक म्हणजे मीच, पण मला मधे आणू नको, लेक म्हणूनच लिही. नाहीतर माझंच पुराण होईल आणि ती बिचारी राहील बाजूला.

तर त्या वेळी आपल्या पारोच्या खोऱ्यात पैसा म्हणजे काय, तर मिरची, लोणी, कापड. मीठ हवं तर तांदूळ द्या, सुई हवी तर अंडी द्या. सारासुद्धा कापडात आणि लोण्यात भरायचा. नाणं दिसायचं ते वर्षातून एकदा-दोनदा, आणि दिसलं की कपाळाला लावून ठेवून द्यायचं. बेताम म्हणायचे त्याला, अर्ध्या रुपयाचं नाणं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला शुभचिन्हांची चौकट.

ग्येम बिधाचे भाजके तांदूळ साऱ्या खोऱ्यात नावाजलेले. लाल तांदूळ भिजवायची, कढईत वाळू न घालता भाजायची, तरी एक दाणा करपायचा नाही. खिंडीपलीकडे फारीच्या बाजाराला जाणारे व्यापारी वाट वाकडी करून तिच्या दारावरून जायचे. सगळे तिला आम, म्हणजे आई, म्हणायचे. "आम ग्येम, तुझे तांदूळ दातांना लागले की घर आठवतं," म्हणायचे, आणि बाकीचे लोणी देत तिथं एखादा बेताम देऊन जायचे. तो बेताम ती तांदळाच्या कोठीत, तळाशी, खूप खाली खुपसून ठेवायची. नवरा गेला तेव्हा लेक कमरेएवढी होती. तेव्हापासून कोठी आणि ती.

तिला एकच गोष्ट हवी होती. लेकीसाठी कोमा. अंगाभोवती गुंडाळलेली किरा खांद्यावर अडकवायच्या त्या दोन चांदीच्या चकत्या, मधे साखळी. आदल्या वर्षी लेक मावशीचा कोमा मागून त्शेचूच्या जत्रेला गेली होती. मुखवट्यांचा नाच अर्ध्यावर आला असताना मावशी भर गर्दीतून आली, "दे गं, माझ्या सुनेला लावायचाय," आणि खांद्यावरून काढून घेऊन गेली. पोरीनं बांबूच्या काट्यानं किरा अडकवली आणि खाली मान घालून घरी आली. ग्येमनं चुलीत लाकूड असं खुपसलं, की राख आढ्याला लागली.

पुढच्या त्शेचूला महिना होता तेव्हा तिनं कोठी उपसली. चौदा नाणी निघाली. आठ लखलखीत, आत्ता टाकसाळीतून आल्यासारखी. सहा मात्र काळी ठिक्कर, तव्याच्या बुडासारखी. तिनं ती राखेनं घासली, लिंबानं घासली. थोडी उजळायची आणि दोन दिवसांनी पुन्हा तोंड काळं करून बसायची. "जुनी झाली, मेली," ती म्हणाली, आणि बाजूला टाकली.

त्याच दिवसांत शेताच्या वर नवा चोर्तेन, दगडमातीचा स्तूप, बांधत होते. ग्येमचा भाऊ पेंजोर तिथं गवंडी. चोर्तेन मिटवण्याआधी त्याच्या पोटात ज्यानं त्यानं काहीतरी घालायचं असतं. धान्य, मोडका दागिना, गंजकी तलवार, काय असेल ते. सगळं गाव रांगेत. ग्येमनं काळी सहा नाणी स्वतः विणलेल्या लाल फडक्यात बांधली आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाली, "घरातलं सगळ्यात चांगलं ते देते आहे देवा." बायका म्हणाल्या, "केवढं मन हिचं!" ती मान खाली घालून हसली. मनात म्हणाली, आत अंधारच तर आहे, तिथं कुणाला काळंगोरं कळतंय?

दुसऱ्या दिवशी आठ लखलखीत नाणी घेऊन ती सोनार च्यादोकडं गेली. च्यादोनं एक नाणं दगडावर टाकलं. कान लावला. परत टाकलं. मग मुशीत ठेवून भाता मारला. चहाचे दोन पेले झाले. नाणं लाल झालं, पण होतं तसंच बसून राहिलं.

"आम ग्येम, हे वितळायचं नाही."

"जोर लाव की भात्याला! सकाळी खाल्लं नाहीस का?"

"माझी मूस फुटेल, पण हे पाघळायचं नाही. चांदी नव्हे ही. शिक्का तोच, धातू नवा."

"एवढं चमकतंय ते?"

"चमकतंय म्हणूनच तर! चांदी घरात पडून राहिली की काळी पडते. जुने बेताम असतील ना तुझ्याकडं, काळे? ते आण. त्यांचा होईल कोमा."

ग्येम तिथंच उंबऱ्यावर बसली. च्यादोला वाटलं चक्कर आली, त्यानं आराचा, घरच्या दारूचा, पेला पुढं केला. तिनं तो एका घोटात संपवला आणि सरळ चोर्तेनची वाट धरली. तोंड मिटायला अजून दोन दिवस होते.

पेंजोर वर बसून दोमाचा विडा चघळत होता. तिनं खालूनच सगळं सांगितलं. तो इतका हसला की तोंडातली लाल पिंक दाढीवर आली.

"म्हणजे ताई, सगळ्यात चांगलं खरंच दिलंस की!"

"हसू नको. पोरगी पुन्हा काटा लावून जाणार का?"

पेंजोर गंभीर झाला. इकडंतिकडं बघितलं. "ये वर. सहा काढ, सहा घाल. संख्येला संख्या. देव काय सोनार आहे?"

ती शिडीनं वर चढली. पोटात हात घातला, पार खांद्यापर्यंत. धान्य, कुणाची तरी पोवळी, तलवारीची मूठ, आणि मग तिचं फडकं. स्वतःची वीण बोटांना कळते. गाठीवर बोट ठेवलं, आणि ती तशीच थांबली.

"सापडलं का?" पेंजोर म्हणाला. "लवकर कर, पूजेचे लोपेन गुरुजी येतील."

तिनं हात बाहेर काढला. रिकामा.

"काय झालं?"

"पेंजोर, मी चारचौघांत खोटं बोलले होते. या चोर्तेननं ते खरं करून ठेवलं. आता गाठ सोडली तर पुन्हा खोटं होईल."

"आणि लेक?"

"लेकीचं मी बघते."

ती परत च्यादोकडं गेली. "वितळत नाही ना? मग वितळवू नको. भोकं पाड." च्यादो कुरकुरला. या धातूला भोक पाडताना त्याचे दोन सामते मोडले. पण चार-चार नाणी फुलासारखी जोडली, मागं तांब्याचा आकडा दिला. आठ राजे, दोन खांद्यांवर.

जत्रेत पोरी हसल्या. "टाकसाळ आली, टाकसाळ!" मावशी म्हणाली, "चांदी नाही वाटतं?" लेक म्हणाली, "चांदी चोर्तेनात आहे, मावशी. हवी तर मागून घे." आणि उन्हात तो कोमा असा लखलखायचा, की तुझ्या आजोबानं त्या गर्दीत तीनदा हरवलेली पोरगी तीनदा शोधून काढली. आता हे मात्र लिहू नको. बरं, लिही.

मागाहून नोटा आल्या. ग्येम म्हातारी झाली होती. पहिली नोट हातात घेतली, हुंगली, कानाशी धरून हलवली. "नाव काय याचं?" "न्गुलत्रम." न्गुल म्हणजे चांदी. ती इतकी हसली! "नाव चांदीचं, अंग कागदाचं. माझ्याच जातीचं आहे हे." मग जुने काळे बेताम गावोगाव वजनावर गेले, वितळले, संपले. भाजके तांदूळही आता पाकिटात मिळतात. ती चव नाही, पण कुणाला सांगायचं?

बरं, आता नीट ऐक. थिंपूला जाशील तेव्हा हा कोमा तुझ्या मोठ्या बहिणीला दे, उग्येनला. तिनं लग्नात लावायला मागितलाय. तिला सांग, कुणी विचारलं तर चांदी म्हणू नको. आणि जाताना वाटेत आपला तो चोर्तेन लागेल, त्याला तीन प्रदक्षिणा घालून मगच तो तिच्या हातात दे.