माघातली राखी

ऐन माघात त्यांनी मला राखी बांधायला लावली.

भाईंदर पूर्वेच्या त्या फ्लॅटमध्ये मी धुणीभांडी करायचे. साहेबांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. त्यांना दोन सख्खे भाऊ. एकानेही रक्त तपासून घेतलं नाही. माझं तपासलं. जुळलं. साहेबांच्या बायकोने, वहिनींनी, देवापुढे साखर ठेवली.

तेव्हा नवा कायदा आला होता. किडनी नात्यातल्याने द्यायची. परका असेल तर समितीपुढे जिव्हाळा दाखवायचा. म्हणून राखी बांधतानाचा फोटो काढायचा होता. आम्ही बौद्ध, आमच्या घरी राखीपौर्णिमा करत नाहीत. पण साहेब तुला बहीण मानतात असं सांग, म्हणून वहिनींनी बजावलं आणि स्वतःची साडी नेसायला दिली. बदल्यात पेणकरपाड्यात खोली. नवरा गेल्यापासून मी दोन पोरं घेऊन जवळच खारी गावात भावाच्या घरी राहत होते. मी हो म्हटलं होतं.

सोफ्यावर बसणार, तर वहिनींनी आधी चादर अंथरली. मग म्हणाल्या, बस.

फोटोवाला कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "भाभी, चद्दर निकालो. फोटो में दिखती है."

वहिनी घुटमळल्या. मग काढली. मी राखी बांधली. साहेबांनी हात पुढे केला, माझ्याकडे बघितलं नाही.

फोटोवाला गेला. मी साडी बदलून बाहेर आले, तर वहिनी ओल्या फडक्याने सोफा पुसत होत्या. मी बसले होते तेवढाच. माझा चहा गॅलरीत, माझ्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या ग्लासात.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं त्याच ग्लासात मुकाट चहा प्यायले, त्याचीही चीड आली.

"वहिनी, माझी किडनी पण पुसून घेणार का?"

"असं काय बोलतेस गं? तुझ्या भावाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"माझा भाऊ खारीत राहतो. त्याच्याकडे मी मांडीला मांडी लावून जेवते."

साहेबांच्या मनगटावरची राखी मीच सोडली. चहा तसाच ठेवून जिना उतरले. खोली गेली, कामही गेलं.

किडन्या कमी पडतात, लोकांनी पुढे यावं, असं डॉक्टर सांगतात. यावंच. आधी सख्ख्या भावांनी यावं. मी मेल्यावर माझ्या दोन्ही काढा, कुणालाही द्या, मी जात विचारणार नाही. पण जिवंत आहे तोवर, ज्या घरात मला बसायला जागा नाही, त्या घरात माझ्या अंगातलं काहीही जाणार नाही.