पापलेटातले तिरफळ

“आजोबांनी फोन चुकून चालू ठेवला, आजी भांडली आणि घरबसल्या पैसे मिळाले.” ही हकीकत माझी नात येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर वाढते, आणि लालबागच्या आमच्या चाळीत आता तीच प्रमाण मानली जाते. तिच्यातला ‘चुकून’ मला मान्य नाही.

निवृत्तीनंतर दुपारचा मोकळा वेळ मी फोनवरच्या बारीकसारीक कामांना देतो. कधी छायाचित्रांतल्या दुकानांच्या पाट्या वाचून टंकायच्या, कधी दिलेली वाक्ये स्वच्छ उच्चारायची. मोबदला किरकोळ, पण तो माझ्या नावावर जमा होतो आणि या वयात त्याचा आनंद पगाराच्या दिवसाहून उणा नसतो. अशातच एक मोठे काम आले. यंत्राला माणसांची बोली शिकवण्यासाठी दोघांचे घरगुती संभाषण ध्वनिमुद्रित करून पाठवायचे होते.

मी संवाद लिहून काढला. “आज हवा किती आल्हाददायक आहे,” हे माझे वाक्य पत्नीने घाम पुसत, शाळेतला धडा वाचावा तसे वाचले. काम परत आले. शेरा होता: बोलणे वाचल्यासारखे वाटते, शिवाय मागे पंख्याची घरघर आहे. आता एकच संधी उरली होती.

“राहू द्या आजोबा,” नात म्हणाली. “तुम्हाला साधं बोलता येत नाही.”

असे ऐकून गप्प बसणाऱ्यांपैकी मी नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पत्नी लसूण सोलत बसली होती. मी फोन तिच्या सुपाशेजारी ठेवला आणि शांतपणे म्हणालो, “पापलेटाच्या कालवणातही तिरफळ घालायला हवं.”

तिरफळाचा उग्र मसाला बांगड्यात घालतात, पापलेटात नाही. आमच्या मालवणी घरात हे कुणाला शिकवावे लागत नाही. असले वाक्य माझ्या तोंडून चुकून निघेल?

“पापलेटात? कोणी सांगितला तुमका?”

“माझी आई घालायची.”

“आईंका मधी हाडू नकात. तेंनीच माका रांधूक शिकवल्यानी.”

“मग तू विसरलीस.”

“मी इसारलंय? काल भाजीत मीठ नाय म्हणान कोण बोंबलत होता? मीठ होता. तुमच्या जिभेचीच चव गेली हा.”

तिथून ती माझ्या बहिणीच्या लग्नातल्या खारट वरणापर्यंत गेली आणि अखेरीस स्वतःच हसू लागली. तेव्हा मी तिला फोन दाखवला. तिने सगळे ऐकले, “शिरा पडो त्या फोनार,” म्हणाली, आणि संमतीच्या चौकटीवर स्वतःच बोट ठेवले. काम मंजूर झाले. आलेल्या पैशांचे पापलेट आणले, आणि ते अर्थातच तिरफळाशिवाय शिजले. इतके चविष्ट कालवण मी क्वचितच जेवलो असेन.

नात मात्र अजून ‘चुकून’ सोडत नाही. तिरफळाचा विषय आजोबांनी सहज काढला, फोन योगायोगाने चालू होता, असे तिचे म्हणणे. तिने ते ध्वनिमुद्रण एकदा सुरुवातीपासून ऐकावे. पापलेटाचे नाव निघण्याआधी, अगदी आरंभी, तिच्या आजीचा आवाज आहे: “अहो, ह्या उकाड्यात पंखो कित्याक बंद केल्यात?”