कुजबुजीचं पथ्य

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे काचेची एक खोली आहे. एक खुर्ची, एक टेबल आणि मायक्रोफोन एवढंच तिच्यात मावतं. तिथे बसून बाई बावीस वर्षं गाड्या सांगत होत्या. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल सगळे त्यांना 'सूचनाबाई' म्हणत. समोर मायक्रोफोन असूनही बाई बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. काचेच्या आत बसून आपला आवाज बाहेर कसा ऐकू जातो, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. पार अकराव्या फलाटापर्यंत तो आपल्यालाच पोचवायचा आहे, असं त्या धरून चालत.

आधी आवाज बसला. मग फाटला. आणि एका सकाळी 'प्रवाशांनी कृपया' एवढं म्हटल्यावर पुढचं बाहेरच पडेना.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं. "हाताला पडतात ना, तसे घट्टे पडलेत स्वरतंतूंवर. तीन आठवडे पूर्ण विश्रांती. घट्टे जिरले तर उत्तम. नाही जिरले तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज हाच राहील असं मी लिहून देणार नाही."

बाईंना दुसरं कुठलं काम येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं कुठलं आवडतही नव्हतं.

पथ्य त्यांनी कडक पाळलं, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे. मोठ्याने एक अक्षर नाही. जे काही सांगायचं ते कुजबुजून. आणि सांगायचं तर पुष्कळच असायचं. गंमत म्हणजे नवऱ्याचा घसा ठणठणीत असूनही तो कुजबुजूनच उत्तर द्यायला लागला. सासूबाईंना मुळातच कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांच्या कानाला तोंड लावून बाई सगळा जोर लावून कुजबुजायच्या. चौथ्या दिवशी शेजारीण दारात आली आणि तीही कुजबुजत म्हणाली, "आजी... बऱ्या आहेत ना?"

मागून कपबशी घेऊन सासूबाईच आल्या. "काय म्हणतेय ही? जरा मोठ्याने बोल की गं."

दहाव्या दिवशी बाई तपासणीला गेल्या.

"बोलला नाहीत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शपथेवर सांगते," बाई कुजबुजल्या, "एक शब्द नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आत्ता हे काय केलंत?"

"हे बोलणं थोडंच आहे?"

"गळ्यावर हात ठेवा आणि पुन्हा म्हणा."

बाईंनी हात ठेवला. पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा गळा आवळलेला होता.

"असं जोर लावून कुजबुजलं की घशाला आराम मिळतच नाही. घट्टे जिथल्या तिथे आहेत. आता पहिल्यापासून मोजा."

त्यानंतर मात्र बाईंनी तोंडाला खरंच कुलूप घातलं. नवरा शिंपी. त्याचा खडू घेऊन त्या कापड बेतायच्या टेबलावर लिहायच्या. भांडण तर जमेचना. अर्धी ओळ लिहीपर्यंत राग उतरायचा आणि नवरा शांतपणे फडक्याने ती पुसून टाकायचा. "असलं गप्प घर मला खायला उठतं," तो एकदा म्हणाला. बाईंनी लिहिलं, 'मला पण.' एकट्या असल्या की त्या आरशासमोर तोंड उघडायच्या आणि घाबरून मिटायच्या. आत काहीच उरलं नसेल तर?

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हं, 'आ' म्हणा."

बारीकसा, पण स्वच्छ 'आ' निघाला. नळीला जोडलेल्या पडद्यावर घट्ट्यांचा मागमूस नव्हता. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि डोळे वाहायला लागले.

"रडा, पण हुंदके नकोत. ताण पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि मायक्रोफोनशी समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोला. ओरडणं हे त्याचं काम आहे, तुमचं नाही."

बाईंना ते काही पटलं नव्हतं. म्हणून कामावरच्या पहिल्या दिवशी नवरा दुकान बंद ठेवून अकराव्या फलाटावर जाऊन उभा राहिला. ऐकू आलं तर त्याने हात वर करायचा, असं ठरलं होतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," बाई घरात बोलावं तशा म्हणाल्या. "फलाट अकराची गाडी आज फलाट चारवरून सुटेल."

काचेतून दूरवर नवरा दिसत होता. हात काही वर गेला नाही. पुन्हा ओरडून सांगावं म्हणून बाईंनी छाती भरून श्वास घेतला.

तेवढ्यात नवऱ्याच्या शेजारची म्हातारी उठली, गाठोडं काखेत मारून चौथ्या फलाटाकडे चालू लागली. तिच्यामागे दोघं निघाले, मग सगळी रांगच हलली. अकराव्या फलाटावर एकटा नवरा उरला. हात वर करायचं विसरून तो बाहीने डोळे पुसत होता. बाईंनी भरून घेतलेला श्वास हळूच सोडून दिला.