निदान वर्षभर तरी

पुण्यातल्या एका कॉलेजात मी एकोणतीस वर्षं आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवलं. सोपा विषय, असं मुलं म्हणायची; रोजचं वर्तमानपत्र वाचलं की निम्मा पेपर सुटतो. मलाही तो सोपाच वाटायचा. कुठे युद्ध पेटणार, कोण कोणाशी जुळवून घेणार, कुठलं सरकार किती दिवस टिकणार, याबद्दल माझी मतं तयार असायची आणि पुष्कळदा ती खरीही ठरायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक मला विचारायचे आणि मी सांगायचे. सांगायला मला आवडायचं.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एम.ए.च्या वर्गात अफगाणिस्तानातली एक मुलगी आली. मुलगी म्हणते खरी, पण होती सत्तावीस वर्षांची. तिकडे शाळेत शिकवत होती, ते सोडून इथे शिकायला आलेली. विश्रांतवाडीला आणखी दोघींबरोबर खोली घेऊन राहायची. माझ्याशी इंग्रजीत बोलायची, मध्येच हिंदी, आणि भाजीवालीकडून उचललेलं थोडं मराठी. ‘ताजी आहे का’ हे वाक्य ती इतकं अस्सल म्हणायची की वर्ग हसायचा.

प्रबंधासाठी तिने नदीच्या पाण्यावरून तिच्या देशाचे शेजाऱ्यांशी चाललेले वाद हा विषय घेतला. मार्गदर्शक मीच. शनिवारी ती दोन बस बदलून आमच्या धायरीच्या घरी यायची. माझे यजमान, ज्यांना ती सर म्हणायची, तसे घुम्या स्वभावाचे, पण ती आली की दुखरा गुडघा सांभाळत चहा ते करायचे. तिचे वडीलही घरी चहा स्वतःच करतात, असं तिने एकदा सांगितलं होतं. त्या वडिलांविषयी ती खूप बोलायची. ते नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि मुलीने पुढे शिकावं म्हणून सगळ्या नातेवाइकांशी भांडले होते.

मग करोना आला, कॉलेज बंद झालं, वर्ग फोनवर भरू लागले. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. तास ऑनलाइनच होते, म्हणून ती घरी, तिकडच्या राजधानीत, गेली. जाताना अंगावरच्या कपड्यांखेरीज एक छोटी बॅग तेवढी नेली. दोन-तीन महिन्यांत परत यायचंच होतं.

त्या जुलैत तिचा फोन आला. मी सकाळची भाजी निवडत होते. तिकडे एकेक जिल्हा पडत चालल्याच्या बातम्या आपल्याकडेही येत होत्या. तिने सांगितलं, पुढच्या आठवड्याच्या विमानाचं तिकीट काढलंय, व्हिसाही अजून चालू आहे. काका म्हणतात लगेच निघ. पण वडिलांच्या जखमेत पाणी झालंय, त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागतं. शेवटी ती म्हणाली, “बाबा म्हणाले, मॅडमना विचार. त्या हेच शिकवतात.”

खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं. मी भाजी बाजूला ठेवली आणि तिला नीट समजावून सांगितलं. वाटाघाटी चालू आहेत, सैन्य मोठं आहे, बाहेरच्या देशांनी इतका जीव ओतलाय तो एका महिन्यात सोडून देणार नाहीत. म्हणाले, “राजधानीला काही होत नाही. निदान वर्षभर तरी नाही. बाबांजवळ थांब, ऑगस्टच्या शेवटी ये.”

“नक्की ना, मॅडम?”

“नक्की.”

यजमान समोर पेपर वाचत होते. ते एवढंच म्हणाले, “तिचा काका तिथे राहतो, तू इथे राहतेस.” मला राग आला. तीन तास मी त्यांच्याशी बोलले नाही.

ऑगस्टच्या मध्यावर शहर पडलं. आम्ही दोघं टीव्हीपुढे बसून ते पाहिलं. दहाएक दिवसांत आपल्या सरकारने जाहीर केलं की भारताबाहेर असलेल्या तिकडच्या नागरिकांचे जुने व्हिसा रद्द, आता सगळ्यांनी नव्याने अर्ज करायचा. सुरक्षेचं कारण होतं. वर्गात असते तर मी मुलांना तो निर्णय सुसंगत आहे, असं पाच मुद्द्यांत पटवून दिलं असतं.

तिने अर्ज केला. मी प्राचार्यांची सही घेऊन पत्र दिलं, दिल्लीत ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याला फोन केला. ते अतिशय सौजन्याने बोलले आणि काहीही करू शकत नाही म्हणाले. तिच्या अर्जाला होकार आला नाही, नकारही आला नाही. परीक्षा ऑनलाइन होती, ती तिने दिली. तोंडी परीक्षेत तिचा चेहरा सारखा अडकत होता, बाहेरच्या परीक्षकांनी समजून घेतलं. प्रथम वर्गात पास झाली. खोलीतल्या मुलींनी तिचं सामान माझ्याकडे आणून दिलं. मी ओळखीच्यांकडून ते पाठवायची खटपट केली, ते जमलं नाही.

वडील त्याच हिवाळ्यात गेले. हे तिने दोन ओळींच्या निरोपात कळवलं. मी फोन करायला हवा होता. निरोपाला निरोपच पाठवला. पुढे सणावारी शुभेच्छा तेवढ्या राहिल्या.

अलीकडे आपल्या देशाने तिथल्या राजवटीशी पुन्हा बोलणी वाढवली, तेव्हा धायरीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने मला त्यावर बोलायला बोलावलं. मी अर्धा तास बोलले, राष्ट्रहित, शेजार, व्यापार, सगळं. शेवटी एका आजोबांनी विचारलं, ही राजवट किती टिकेल? मी म्हणाले, मला माहीत नाही. ते म्हणाले, “मग तुम्हाला बोलावलं कशाला?” सगळे हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. ती भावाच्या घरी राहते. भावाच्या मुलीची शाळा सहावीनंतर बंद झाली, तिला घरीच शिकवते. बाकी दिवस स्वयंपाकात जातो. आवाज तोच होता, जरा सावकाश. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणाले, “त्या वेळी मी तुला थांब म्हणाले. माझं चुकलं.”

मला वाटलं, असू द्या मॅडम, असं म्हणेल. तिने तसं म्हटलं नाही.

“हो, मॅडम,” ती म्हणाली, “चुकलं. पण तिकीट मी रद्द केलं होतं, तुम्ही नाही.”

मग तिने सरांचा गुडघा कसा आहे, विचारलं. पुतणीला अपूर्णांक अजिबात जमत नाहीत, तुमच्याकडे कसे शिकवतात, असंही विचारलं. मी सांगू लागले, भाकरीचे चार भाग वगैरे. माझं बोलणं ती पलीकडे पुतणीला तिच्या भाषेत सांगत होती. मध्येच लाइन तुटली. मी दोनदा फोन लावून पाहिला, लागला नाही. मग यजमानांच्या गुडघ्याला तेल लावून द्यायची वेळ झाली होती, म्हणून उठले.